तांबड्या भुकटीकडे जाणाऱ्या तीन वाटा

हवेत पुरेसं तापवलं की लोहाची बहुतेक ऑक्साइडं शेवटी हेमॅटाइट होतात. पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत संपते. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी त्या ओळीच्या आत शिरायचं ठरवलं आणि तीन भुकट्या निवडल्या: पिवळं गोएथाइट, नारिंगी लेपिडोक्रोसाइट आणि काळं मॅग्नेटाइट. तिघांचा मुक्काम एकच आहे, तांबडं हेमॅटाइट. मला मधला प्रवास बघायचा होता. कोण कुठल्या वाटेनं जातं, कुठे थांबतं, आणि मुक्कामी पोचल्यावर त्या वाटेची काही खूण अंगावर राहते का?

पहिली दोन खनिजं मी प्रयोगशाळेतच तयार केली. निसर्गातल्या नमुन्यात चिकणमाती, वाळू, सेंद्रिय पदार्थ असं बरंच काही मिसळलेलं असतं, आणि तापवताना प्रत्येक जण आपापलं काहीतरी करत असतो. आधी शुद्ध पदार्थाची वागणूक कळायला हवी. फेरिक नायट्रेटच्या द्रावणात पोटॅशियम हायड्रॉक्साइड ओतलं की लगेच तांबूस-तपकिरी साका बसतो. हे फेरिहायड्राइट, म्हणजे धड रचना न बसलेलं रूप. तीव्र अल्कलीतच 70 अंश सेल्सिअसवर साधारण अडीच दिवस ठेवलं की साका पिवळा पडत जातो आणि गोएथाइटचे सुईसारखे स्फटिक मिळतात. लेपिडोक्रोसाइटची सुरुवात मात्र फेरस क्लोराइडपासून होते. द्रावणाचा सामू 7 च्या आसपास राखायचा आणि त्यातून हवा सोडत राहायचं. आधी हिरवट-निळसर गाळ दिसतो, मग तो बघता बघता नारिंगी होतो. हा रंगबदल मला अजूनही पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो. त्यानंतरचं काम म्हणजे गाळ धुणं, पुन्हा धुणं आणि परत धुणं. नायट्रेट आणि क्लोराइड मागे राहिले तर पुढच्या वजनांवर भरवसा ठेवता येत नाही. मॅग्नेटाइटची बारीक भुकटी विभागात तयार मिळाली.

गोएथाइट आणि लेपिडोक्रोसाइट यांचं रासायनिक सूत्र अगदी एकच: एका लोहामागे दोन ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन. फरक रचनेत आहे. गोट्यांचे थर एकावर एक रचले तर तिसरा थर दोन प्रकारे बसवता येतो. एक तर तो बरोबर पहिल्या थराच्या डोक्यावर येतो, नाहीतर तिसऱ्याच जागी बसतो आणि पहिल्याची पुनरावृत्ती चौथ्या थरात होते. गोएथाइटमधले ऑक्सिजन पहिल्या प्रकारे रचलेले असतात आणि हेमॅटाइटमधलेही तसेच. लेपिडोक्रोसाइट, मॅग्नेटाइट आणि मॅघेमाइट (पुढे वाटेत भेटणारं आणखी एक लोह-ऑक्साइड) यांच्यात रचना दुसऱ्या प्रकारची, घनाकृती असते. पुढे जे काही घडतं त्याचं बरंचसं कारण इथे आहे. ऑक्सिजनची सगळी मांडणी उलथवायची म्हटली तर फार उष्णता लागते. म्हणून खनिज आधी तेवढ्यावरच भागवतं जेवढं मांडणी न मोडता होण्यासारखं असतं.

आता प्रत्यक्ष तापवण्याबद्दल. रिकामी मूस आधी भट्टीत तापवून, डेसिकेटरमध्ये, म्हणजे आत हवा कोरडी राखणाऱ्या बंद भांड्यात, थंड करून तिचं वजन घ्यायचं. मग नमुना घालून 110 अंशांवर ठेवायचा, म्हणजे दाण्यांना वरवर चिकटलेलं पाणी निघून जातं, आणि मगच सुरुवातीचं वजन नोंदवायचं. ही पायरी गाळली तर पुढे दिसणारी घट कशाची, हे सांगता येत नाही. आमच्या मार्गदर्शक मॅडमचा पहिला प्रश्न नेहमी हाच असायचा: "वजन घटलं, ठीक आहे. पण गेलं काय, ते सांग." या एका प्रश्नानं माझी नोंदवही शिस्तीत आली.

भुकटी मुशीत पातळ पसरायची. जाड थर असेल तर वरचा भाग पुढे जातो आणि खालचा मागे राहतो, शिवाय बाहेर पडणारी वाफ थरातच अडकते. भट्टीच्या दर्शनी आकड्यावरही पूर्ण विसंबू नये. तो थर्मोकपलच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेच्या, टोकाचं तापमान दाखवतो, मुशीतल्या भुकटीचं नाही. दाराजवळची मूस आणि मागच्या भिंतीलगतची मूस यांच्यातला फरक मी नमुन्यांच्या रंगातच पाहिला आहे. म्हणून मी सगळ्या मुशा भट्टीच्या मधोमध, थर्मोकपलच्या शक्य तितक्या जवळ ठेवते.

गोएथाइट 200 अंशांवर थोड्या वेळासाठी ठेवलं तर फारसं काही दिसत नाही, पिवळा रंग जरा मळकट होतो इतकंच. 250 च्या आसपास कडेनं तांबूस छटा चढू लागते. 300 अंशांवर दोन तास ठेवून मूस बाहेर काढली तेव्हा आत गेरू होता, अस्सल, ऊबदार तांबडा. पिवळ्या मातीपासून तांबडा रंग करण्याची माणसाची फार जुनी युक्ती ती हीच. कच्चा सिएना भाजून चित्रकारांचा भाजका सिएना होतो, त्यामागेही हाच बदल आहे.

गोएथाइटच्या दोन रेणूंमधून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि हेमॅटाइट मागे उरतं. हिशेब केला तर वजनातली घट 10.1 टक्के यायला हवी. माझ्या नमुन्यात ती किंचित जास्त आली. बारीक सुयांच्या पृष्ठभागावर घट्ट धरलेलं पाणी 110 अंशांवर पूर्ण जात नाही, ते या बदलाच्या सोबतच बाहेर पडतं. मॅडमच्या प्रश्नाचं हे उत्तर मला वजनांच्या तक्त्यात नाही, तर तापवताना सतत वजन नोंदवणाऱ्या टीजीए यंत्राच्या आलेखात सापडलं. तिथे आधी एक लांबट, मंद उतार होता आणि मग एकदम कडा.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. "गोएथाइट अमुक अंशांवर हेमॅटाइट होतं" हे वाक्य अपुरं आहे. मिनिटाला 10 अंश या वेगानं तापवलं तर बदल 300 च्या जवळपास दिसेल. तोच नमुना कमी तापमानावर तासन्‌तास ठेवला तर तो तिथेही बदलेल. स्फटिक मोठे आणि सुबक असतील तर जास्त उष्णता लागते, बारीक आणि दोषयुक्त असतील तर कमी. लोहाच्या काही जागा अॅल्युमिनियमनं घेतल्या असतील तरी आकडा वर सरकतो. तापमानासोबत वेळ, तापवण्याचा वेग आणि दाण्याचा आकार लिहिलेला नसेल, तर त्या नोंदीची तुलना दुसऱ्या कशाशीच करता येत नाही.

गोएथाइटची घनता सुमारे 4.3 आणि हेमॅटाइटची 5.3. पाणीही जातं आणि उरलेला पदार्थ जास्त दाटीनं बसतो. एकूण घनफळ चौथ्या हिश्श्याहून जास्त घटतं. असं असेल तर सुया आखूड व्हायला हव्यात ना? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर सुया बाहेरून जवळपास तशाच होत्या, तीच लांबी, तोच आकार. आक्रसण्याची सगळी भरपाई आतल्या आत झाली होती. प्रत्येक सुईत बारीक फटींसारख्या पोकळ्यांची रांग तयार झाली होती. ऑक्सिजनची मांडणी तीच राहिल्यामुळे नवा स्फटिक जुन्याच्या दिशेला धरून उगवतो आणि जुन्या सुईचं बाह्यरूप सांभाळतो. या पोकळ्यांमुळे 300 अंशांवरच्या भुकटीचं पृष्ठफळ मूळ गोएथाइटपेक्षा बरंच वाढतं. तीच भुकटी 600 अंशांवर नेली की फटी मिटू लागतात, 800-900 पर्यंत दाणे एकमेकांत मिसळून जाड होतात आणि रंग तांबड्याकडून जांभळट होतो. पदार्थ हेमॅटाइटच असतो, बदलतो तो फक्त दाण्याचा आकार. ज्यांना रंगद्रव्य म्हणून उजळ तांबडा हवा आहे त्यांनी भट्टी उगीच चढवत नेऊ नये.

क्ष-किरण विवर्तनात, म्हणजे एक्सआरडीत, ही गोष्ट आणखी सुंदर दिसते. आधी एक व्यवहाराची सूचना: तांब्याच्या नळीचे क्ष-किरण लोहावर पडले की लोह स्वतःच चमकू लागतं आणि सगळा आलेख मागच्या गोंगाटात बुडतो. कोबाल्टची नळी मिळत असेल तर तीच मागा. गोएथाइटचं मुख्य शिखर 4.18 आंगस्ट्रॉमला (स्फटिकातल्या अणूंच्या थरांमधलं अंतर या एककात मोजतात) येतं आणि 300 अंशांनंतर ते नाहीसं होतं. हेमॅटाइटची दोन मोठी शिखरं 2.70 आणि 2.52 आंगस्ट्रॉमला येतात. नेहमीच्या हेमॅटाइटमध्ये 2.70 चं शिखर सगळ्यात उंच असतं. माझ्या ताज्या नमुन्यात मात्र ते पसरट आणि बुटकं होतं, आणि शेजारचं 2.52 चं शिखर टोकदार उभं होतं. काही शिखरं रुंद आणि काही अरुंद, एकाच आलेखात. 700-800 अंशांवर नेल्यावर सगळीच टोकदार झाली आणि उंचीचा क्रम नेहमीसारखा लागला.

वाटेची खूण म्हणतात ती हीच. प्राचीन वस्तीत सापडलेला तांबडा रंग मुळातला तांबडा की पिवळी माती भाजून केलेला, हे ठरवताना संशोधक या असमान रुंदीकडे बघतात. पण नुसत्या तिच्यावरून निकाल देणं मला पटत नाही. माणसानं मुद्दाम भाजलं की वरच्या चुलीची धग जमिनीखालच्या मातीला लागली, हे क्ष-किरण सांगू शकत नाहीत. आणि जास्त भाजलेल्या नमुन्यात तर खूणच पुसलेली असते.

लेपिडोक्रोसाइटची वाट मला तिघांत सगळ्यात आवडते. तापवण्याआधी मी नारिंगी भुकटी कागदावर पसरली आणि कागदाखालून जोरकस चुंबक फिरवलं. काहीच हाललं नाही. (चुंबक थेट भुकटीत कधी बुडवू नये, चिकटलेले कण शेवटपर्यंत निघत नाहीत. कागदाखाली धरावं किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावं.) मग भुकटी 250 अंशांवर ठेवली. बाहेर आली ती तपकिरी होऊन. पुन्हा कागद, पुन्हा चुंबक, आणि या वेळी सगळी भुकटी चुंबकामागून कागदभर धावली. मुशीत काहीही मिसळलेलं नव्हतं. नुसतं पाणी गेलं होतं आणि चुंबकाला दाद न देणारा पदार्थ चुंबकीय झाला होता.

तयार झालेलं हे मॅघेमाइट. रासायनिक दृष्ट्या ते हेमॅटाइटच, दोन लोहांमागे तीन ऑक्सिजन, पण ऑक्सिजनची मांडणी घनाकृती. लेपिडोक्रोसाइटला पाणी सोडताना ती मांडणी मोडावी लागली नाही, म्हणून ते आधी इथे थांबलं. गोएथाइटच्या वाटेवर हे ठाणं लागतच नाही, कारण त्याची मांडणी सुरुवातीपासून हेमॅटाइटसारखी असते.

तपकिरी भुकटी पुढे तापवत नेली. 500 अंशांनंतर ती तांबडी झाली आणि चुंबकाखाली पुन्हा निश्चल. आता वजनांकडे बघा. पहिल्या टप्प्यात तीच 10 टक्क्यांची घट. दुसऱ्या टप्प्यात शून्य. रंग बदलला, चुंबकत्व गेलं, घनता 4.9 वरून 5.3 वर गेली, आणि तराजूला याचा पत्ताच नाही, कारण आत काही आलं नाही की बाहेर काही गेलं नाही. अणूंनी फक्त जागा बदलल्या. टीजीएचा आलेख तिथे सरळ रेषेत जातो. हा बदल पकडायला उष्णतेची देवाणघेवाण मोजणारं डीएससी यंत्र लागतं. मॅघेमाइटचं हेमॅटाइट होताना उष्णता बाहेर पडते आणि आलेखात एक उंचवटा येतो. तो नेमका कुठे येईल ते दाण्याच्या आकारावर आणि भेसळीवर ठरतं. 400 च्या खालपासून 600 पर्यंत कुठेही येऊ शकतो. मॅडमच्या प्रश्नाला इथे जोड द्यावी लागली: वजन घटलं नाही, तरी बदललं काय?

मॅग्नेटाइटच्या बाबतीत वजन वाढतं. त्यातलं एकतृतीयांश लोह कमी ऑक्सिडित अवस्थेत असतं, हवेत तापवलं की ते ऑक्सिजन घेतं. संपूर्ण बदल झाला तर वाढ जवळपास 3.5 टक्के भरते. माझ्याकडची वाढ त्याहून कमी आली आणि त्याचं कारण साधं आहे. इतकं बारीक मॅग्नेटाइट बाटलीत असतानाच वरून ऑक्सिडाइझ होत असतं, म्हणजे प्रवासाचा काही भाग भट्टीत जाण्यापूर्वीच झालेला असतो. 200-250 अंशांवर काळी भुकटी तपकिरी झाली, चुंबकाला मात्र पूर्वीसारखीच धावली. हेही मॅघेमाइटच. ऑक्सिजनचा सांगाडा जागेवर राहतो आणि आतलं काही लोह सरकत सरकत पृष्ठभागाकडे येऊन तिथे ऑक्सिजनला भेटतं. मागे रिकाम्या जागा राहतात. मॅग्नेटाइटच्या एका घनपेशीत (रचनेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानशा घनात) 32 ऑक्सिजनमागे 24 लोह असतात, मॅघेमाइटमध्ये सरासरी 21 आणि एकतृतीयांश. रचना इतकी सारखी की एक्सआरडीत दोघांची शिखरं जवळजवळ एकमेकांवर बसतात. पेशीची बाजू 8.40 आंगस्ट्रॉमवरून 8.35 वर येते, तेवढाच फरक. दोघांचं मिश्रण असेल तर एक्सआरडीवर हट्ट धरू नये, लोहाच्या अणूंची अवस्था वेगवेगळी दाखवणारा मॉसबाउअर वर्णपट घ्यावा. पुढे तापवल्यावर हीही भुकटी तांबडी झाली.

भरड मॅग्नेटाइटचे मोठे दाणे मात्र या मधल्या ठाण्यावर फारसे थांबत नाहीत. त्यांच्यात हेमॅटाइटचे पापुद्रे ठरावीक प्रतलांवरून थेट आत शिरतात. निसर्गात असे दाणे विपुल आढळतात. बाहेरून मॅग्नेटाइटचा अष्टफलक आणि आत सगळं हेमॅटाइट. त्यांना मार्टाइट म्हणतात.

एक गोंधळ नव्यानं काम सुरू करणाऱ्यांचा हमखास होतो, तो इथेच सोडवते. मॅग्नेटाइट 580 अंशांच्या वर चुंबकाला दाद देत नाही. हे क्युरी तापमान. तिथे रचना बदलत नाही, अणूंच्या चुंबकीय दिशा विस्कटतात एवढंच, आणि थंड झाल्यावर चुंबकत्व परत येतं. हेमॅटाइटचं असंच तापमान 675 च्या आसपास आहे. याउलट मॅघेमाइटचं हेमॅटाइट झालं की थंड करूनही ते चुंबकत्व परत येत नाही. म्हणूनच चुंबकग्राहिता, म्हणजे पदार्थ चुंबकीय क्षेत्राला किती दाद देतो ते, मोजताना तापवतानाची आणि थंड होतानाची अशा दोन्ही रेषा काढतात. त्या एकमेकींवर बसल्या तर खनिज तेच आहे, फाकल्या तर वाटेत काहीतरी वेगळं तयार झालं आहे.

हे सगळं उघड्या हवेतलं. मूस झाकली आणि आत थोडा कोळसा घातला की चित्र पालटतं. गोएथाइटमध्ये बारीक कोळसा मिसळून, झाकण घट्ट लावून मी ते तापवलं, तर मूस काळी निघाली आणि भुकटी चुंबकाला चिकटली. कोळशानं ऑक्सिजन ओढून घेतला होता आणि हेमॅटाइटच्या जागी मॅग्नेटाइट तयार झालं होतं. तेच गरम असताना हवेत उघडं ठेवलं की तपकिरी मॅघेमाइट होऊ लागतं. वणवा लागून गेलेल्या किंवा चुलीखालच्या मातीचं चुंबकत्व वाढलेलं आढळतं त्यामागे हीच साखळी आहे: सेंद्रिय पदार्थ जळताना आधी ऑक्सिजनचा तुटवडा, नंतर हवा. पृष्ठभागाजवळच्या मातीच्या या वाढीव चुंबकग्राहितेबद्दल फ्रेंच संशोधक ल बोर्न्य यांनी 1955 मध्ये लिहिलं, आणि आज पुरातत्त्वातलं चुंबकीय सर्वेक्षण जमिनीत दडलेल्या भट्ट्या आणि चुली शोधताना या गुणाचा उपयोग करतं. एकाच भुकटीतून झाकणाच्या एका निर्णयानं तांबडं किंवा काळं मिळतं. तापमानाचा आकडा दोन्हीकडे सारखा असू शकतो. माझ्या नोंदवहीत तापमानाच्या रकान्याशेजारी "हवा / झाकण / कोळसा" हा रकाना तेव्हापासून कायमचा आला.

सध्या माझ्या मुशीत नैसर्गिक पिवळी माती आहे. इथे शुद्ध नमुन्यांचे आकडे जसेच्या तसे चालत नाहीत. गोएथाइटचं पाणी 300 च्या आसपास जातं, पण त्यातल्या केओलिनाइट या चिकणमातीच्या खनिजाचं पाणी साधारण 450 ते 600 अंशांच्या दरम्यान निघतं, सेंद्रिय पदार्थ त्याआधीच जळू लागतात, आणि चुनखडी असेल तर ती 600 च्या वर कार्बन डायऑक्साइड सोडू लागते. एकूण घटीतून लोहाचा वाटा वेगळा काढायचा तर फक्त पहिला कडा मोजावा लागतो आणि त्याआधीची-नंतरची एक्सआरडी समोर ठेवावी लागते. मातीतल्या गोएथाइटमध्ये अॅल्युमिनियमही आहे. त्याचं मुख्य शिखर 4.18 पेक्षा थोडं कमी अंतरावर आलं, त्यावरून ते कळलं. त्यामुळे कडा शुद्ध गोएथाइटच्या पुढे सरकला आहे, आणि 300 अंशांवर दोन तास ठेवूनही भुकटीत पिवळ्याचा अंश शिल्लक आहे. तोच नमुना आता 350 वर ठेवते आहे.